उंच दाराचा गोठा

खिशातून दमडी न काढता जगात सर्वांत जास्त खर्च कुणी केला असेल, तर तो आमच्या हिच्या मामांनी. उत्रोलीच्या आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या या माणसाने बंगले बांधले, विहिरी खोदल्या, भोरच्या एसटी स्टँडवर नवं छप्पर घातलं आणि एकदा तर रोहिडा किल्ल्याची पडलेली तटबंदी पायापासून पुन्हा उभी केली. सगळं तोंडी. समोरच्याने नुसतं ‘बांधायचं म्हणतोय’ म्हणायचा अवकाश, की मामा टोपी मागे सरकवत, डावा डोळा मिटत आणि विटा, वाळू, सिमेंट, गवंड्याची मजुरी, बिगाऱ्यांचा चहा असं एकेक धडाधड मांडत सुटत. शेवटी आकडा सांगत आणि समोरचा माणूस पुरेसा घाबरला की वर म्हणत, “ह्यात पायाचा नारळ धरल्याला न्हाई बरं का.”

माझी आणि मामांची पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. मंगलाष्टकं चालली होती, मी अंतरपाटाकडे डोळे लावून उभा होतो आणि मुलीचे मामा म्हणून ते नवरीच्या पाठीशी उभे असायला हवे होते. ते माझ्या कानाशी आले. मला वाटलं, काही आशीर्वाद वगैरे देतायत. ते म्हणाले, “जावईबापू, ह्या मांडवाला किती पडलं आसंल? अंदाजानं सांगा.” मी काहीतरी आकडा पुटपुटलो. मामा इतक्या दयेनं हसले की भाचीचं कुणाशी लग्न लागतंय याची त्यांना तिथंच कल्पना आली असावी. पुढे मी भोरच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलो, तेव्हा तर त्यांनी माझ्याबद्दलची आशा सोडलीच. ज्या वस्तूला किती खर्च येतो ते सांगता येत नाही, अशी वस्तू दिवसभर पोरांकडून करवून घेणारा माणूस त्यांच्या दृष्टीनं जरा कामातून गेलेलाच होता.

रस्त्याने विटांचा टेम्पो चालला असला की मामा हात वर करीत. ड्रायव्हरला वाटे, म्हातारबाबांना बसायचंय. तो करकचून ब्रेक लावी आणि मामा खिडकीशी जाऊन विचारीत, “काय भाव भरली?” भाव ऐकून मान हलवीत आणि ‘जावा आता’ म्हणून हात करीत. ड्रायव्हर जे बोलत पुढे जाई, ते मामांना ऐकू जात नसे, कारण तोवर त्यांचा डावा डोळा मिटलेला असे. फक्त मयताच्या घरी हा माणूस गप्प बसे. तिथे कोपऱ्यात टोपी काढून मांडीवर ठेवीत आणि कुणी विचारलं तरी कशाचाही आकडा सांगत नसत. मामी म्हणायच्या, “तेवढंच एक ठिकाण हाय, जितं ह्यांचं त्वांड बंद ऱ्हातं.”

मामींना या छंदाची झळ सर्वांत जास्त बसली. दर दिवाळीला मामा त्यांच्या लुगड्याचा हिशेब करीत, इचलकरंजीचं घ्यावं की पुण्याचं, जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं धरून कुठलं स्वस्त पडेल, असा काथ्याकूट आठवडाभर चाले आणि तेवढ्यात दिवाळी होऊन जाई. “ह्यांच्या हिशेबात माझ्या अंगावर पैठणी हाय,” मामी म्हणत, “पदर तेवढा घावंना.” पण मामांना चिक्कू म्हणाल तर मी भांडायला उठेन. घरी आलेल्याच्या भातावर तूप वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही. त्यांची अडचण वेगळी होती. झालेल्या कामाला एकच आकडा असतो आणि तो बदलत नाही. न झालेल्या कामाला रोज नवा आकडा काढता येतो, आणि उद्याचा आकडा आजच्यापेक्षा कमी असेल ही आशा मामांना कधी सुटली नाही.

या माणसाच्या आयुष्यात स्वतःचं असं एकच बांधकाम आलं, आणि ते त्यांच्या सर्वांत थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे हिच्या मावशीसाठी होतं.

तिला सगळे आक्का म्हणत. मामांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे त्या वर हिर्डस मावळात दिल्या. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, तरी भाताचं एक खाचर आणि आपली चूल धरून त्या एकट्या तिथंच राहिल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा साठी उलटलेली होती, पण चालणं असं ताठ की डोक्यावर पाण्याची कळशी आहे असं वाटावं. अख्ख्या जगात मामांना ‘बाळ्या’ म्हणणारं ते एकच माणूस होतं.

त्या सुमाराला वर धरणाचं काम सुरू होतं आणि आक्कांचं गाव पाण्यात जाणार हे नक्की झालं होतं. गावाला जमिनी मिळणार होत्या त्या पार फलटणच्या बाजूला, माळावर. आक्का म्हणाल्या, “ह्या वयात तिकडं जाऊन म्या काय करू? तितं ना आंबा, ना वढा. त्यापरास बापाच्या दारात मरीन.” मामा म्हणाले, “मग चल की घरी.” पण आक्कांना भावजयीच्या चुलीशी बसून खायचं नव्हतं. मामींनीही आग्रह केला, अगदी मनापासून, तरी त्या म्हणाल्या, “तू लई गुणाची हायेस गं, पर चूल माझी मला पायजे.”

तेव्हा मामांना गोठा सुचला. घरामागे त्यांच्या वडिलांच्या वेळचा दगडमातीचा गोठा होता. बैल विकून झाले होते, राहिली होती एक म्हैस. तिची सोय पडवीत झाली की गोठ्याचं छानसं घर होणार होतं. एक झोपायची खोली, तिला लागून चूल, कोपऱ्यात न्हाणी. त्या दिवशी मामा इतके खुशीत होते की मला भोरहून बोलावून घेतलं आणि म्हणाले, “जावईबापू, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या चित्राचा उपेग हाय. गोठ्याचं घर काढा.” मी काढलं. मामांनी ते उलटसुलट पाहिलं आणि दारात आक्कांना उभं करायला सांगितलं. मी नऊवारीतली एक म्हातारी दारात काढली. मामा बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “आता काय, घर झाल्यालंच हाय.”

खरी रड इथूनच सुरू झाली. इतकी वर्षं लोकांची घरं डावा डोळा मिटून क्षणात बांधणारे मामा आपल्या गोठ्यापुढे उभे राहिले की दोन्ही डोळे उघडे ठेवीत आणि त्यांना काही ठरवता येत नसे. कौलं घालावीत की पत्रा? पत्रा स्वस्त, पण उन्हाळ्यात आक्काला घाम. खाली फरशी घालावी की कोबा? फरशी चांगली, पण म्हातारं माणूस घसरलं तर? कुणी सांगे, वाळू पावसानंतर उतरेल. कुणी सांगे, सिमेंट आत्ताच घेऊन ठेवा. मामा दोघांचंही ऐकत आणि रात्री जेवताना मामींना नवा आकडा सांगत. आक्का भोरच्या बाजाराला खाली उतरल्या की उत्रोलीला येत, पिशवी ओट्यावर ठेवून थेट मागे जात आणि गोठ्यासमोर कमरेवर हात देऊन उभ्या राहत. आत म्हैस रवंथ करीत बसलेली असे.

“बाळ्या, कुठवर आलं रं?”

“आकडा लई खाली आलाय आक्के. अजून थोडा येऊ दे.”

“आन म्या काय आकड्यात निजू व्हय? चार पत्रं टाक, म्हस बाहीर काढ, झालं माझं घर.”

“तसं न्हाई करायचं. तू ऱ्हाणार म्हणल्यावर नीटच करायचं.”

आक्का हसत. आम्ही सगळेच हसत होतो. हे आता लिहिताना हात जड होतो, पण तेव्हा खरोखरच ती एक गंमत होती. धरणाची भिंत अजून अर्धीच होती आणि पाणी ही लांबची गोष्ट वाटत होती.

एकदा चहा पिता पिता आक्का सहज बोलून गेल्या, “काय बी म्हण बाळ्या, घर किती बी चांगलं झालं तरी उंबरा तुझा. म्या पाव्हणीच.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मामा वर तिच्या गावी गेले आणि संध्याकाळी एका जीपच्या टपावर आक्कांच्या घराची चौकट बांधून घेऊन आले. त्या खोऱ्यात तेव्हा जो तो आपलं घर उसवत होता. वासे, कौलं, दारं, जे निघेल ते गाडीत घालून लोक हलवत होते, पण मामांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. “आक्काच्या दारातनं आक्का आत जाईल,” ते मला म्हणाले. “सवताचा उंबरा वलांडून आत गेल्याली बाई पाव्हणी कशी आसंल?” एवढी सुंदर कल्पना या माणसाच्या डोक्यात कुठे दडून बसली होती, याचंच मला नवल वाटलं.

चौकट होतीही देखणी. जुनं सागवान, वरच्या पट्टीवर छोटा गणपती कोरलेला, आणि उंबरा मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. ती काढून दिली तेव्हा आक्कांनी आपल्या दाराच्या भगदाडावर गोणपाट लावलं आणि म्हणाल्या, “ने बाबा. पर पावसाच्या आत मला बी ने.”

भोरचे मिस्त्रीचाचा चौकट बसवायला आले. हे आमच्या गावातले सर्वांत जुने सुतार, मामांचे बालमित्र आणि मामांच्या आकड्यांना समोरासमोर खोटं म्हणण्याची हिंमत असलेले एकमेव गृहस्थ. त्यांनी चौकट गोठ्याच्या दाराला टेकवली आणि कपाळाला हात लावला. गोठ्याचं दार म्हणजे बैलाने मान खाली घालून आत जावं एवढंच. चौकट त्याहून चांगली हातभर उंच. मैलावरच्या वीटभट्टीचा भाव सांगणाऱ्या माणसाने आपल्या गोठ्याच्या दाराची उंची कधी मोजलीच नव्हती! हसून हसून मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाही हसले. चाचा म्हणाले, “त्यात काय? खालनं कापतो. कुणाला कळणार बी न्हाई.”

मामांचं हसणं थांबलं. “कापायची न्हाई.”

“अरे दोस्ता, मग भिंत वर घ्यावी लागंल. भिंत घेतली की छप्पर उतरवावं लागंल. छप्पर उतरवलं की वासे नवे.”

“लागू द्या.”

“आन खर्च?”

“चाचा, ह्या चौकटीतनं आक्का नवरी म्हणून ताठ मानेनं आत गेल्याली हाय. आता म्हातारपणी भावाकडं आली म्हणून वाकून आत जाईल व्हय? माझ्या आक्काला म्या वाकू देणार न्हाई.”

मला तर त्या क्षणी मामांचे पाय धरावेसे वाटले. आज वाटतं, आमच्यापैकी कुणीतरी भांडायला हवं होतं. पण इतक्या मायेनं केलेल्या हट्टाशी भांडायचं कसं, हे अजूनही मला कळलेलं नाही.

छप्पर उतरलं. आता मामा खरोखरचा पैसा खर्च करीत होते, पण काम सरकेना. गवंडी म्हणून जेवढे होते, ते सगळे नव्या गावठाणांची घरं बांधायला तिकडे गेलेले. कुणी यायचा, दोन थर चढवायचा आणि नाहीसा व्हायचा. चौकट ओट्याला टेकून उभी होती आणि मामी रोज सडा घातल्यावर तिच्या उंबऱ्यावरही रांगोळीची दोन बोटं ओढत. मे संपला. वाढवायची भिंत अर्धीच चढली होती, वर आभाळ होतं. आणि मग आमच्याकडचा तो पाऊस आला, जो एकदा लागला की भात लावून होईपर्यंत कुणाला मान वर करू देत नाही.

त्याच पावसात पाणी चढलं. आक्कांचं गाव घाईघाईनं ट्रकमध्ये बसलं. आक्काही बसल्या, कारण भावजयीच्या चुलीशिवाय बसायला दुसरी जागा नव्हती. आमच्याकडे तेव्हा फोन कुठला? भोरच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरने मला निरोप दिला, आक्कांच्या शब्दांत जसाच्या तसा: “बाळ्याला म्हणावं, म्या जाते पुढं. घर झालं की न्यायाला ये.”

घर व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला, आणि पुरं होईतो तोही संपत आला. पण झालं मात्र खरंच छान. भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र, देवासाठी कोनाडा, न्हाणीला फरशी, आणि दर्शनी ती उंच चौकट. लहानशा अंगावर थोरल्या भावाचा सदरा घालावा तसं ते दिसे, पण त्यातही एक रुबाब होता. मामांनी धुवट धोतर नेसलं आणि मला म्हणाले, “चला जावईबापू, आक्काला आणू.”

शिरवळ, लोणंद करत आम्ही फलटणच्या पुढे त्या नव्या वस्तीवर पोचलो. माळावर एकसारखी घरं. आक्कांच्या घराला पत्र्याचं दार होतं आणि वाऱ्याने ते सारखं आपटत होतं. दारात चार बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, सगळ्या त्यांच्या जुन्या गावच्या. आक्कांनी आमच्या पायांवर पाणी घातलं, पिठलंभाकरी वाढली, मामींची चौकशी केली. जेवण झाल्यावर मामा म्हणाले, “आटप आक्के. घर झालं.”

आक्कांनी ताटं गोळा केली. मग म्हणाल्या, “बाळ्या, आता कसली येतीया म्या.”

“म्हंजे?”

“ह्या समद्या बायका हितं हायेत. हिची सून बाळातपणाला टेकलीया, माझ्याबिगर हिला कोन हाय? दारात लिंबू लावलाय, तो जगलाय. तुझ्याकडं आले तर समदं तुझंच, आन म्या एकटी.”

“अगं, पर तुझा उंबरा...”

“मागच्या साली आला आसतास तर पळत आले आसते रं,” आक्का म्हणाल्या. रागानं नाही, अगदी लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात. “दिवाळीपातुर बोचकं बांधून ठेवल्यालं व्हतं. एसटी वाजली की बाहीर येऊन बघायची. मग म्हनलं, बाळ्याचं आकडं काय मिटत न्हाईत. दिवाळीत बोचकं सोडलं.”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. निघताना त्यांनी आक्कांकडे सुतळी मागितली, पत्र्याच्या दाराची उंची घेतली, रुंदी घेतली आणि गाठी मारून सुतळी खिशात टाकली. “काय करतूस रं?” आक्कांनी विचारलं. “काय न्हाई,” मामा म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी मिस्त्रीचाचांना बोलावलं आणि नव्या भिंतीतून चौकट काढायला सांगितली. चाचांनी एकदा मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि छिन्नी हातात घेतली. पांढऱ्या भिंतीची ढेकळं पडत होती. मामींनी चौकटीला हळदीकुंकू लावलं, ओटीत घालतात तसे चार तांदूळ उंबऱ्यावर टाकले आणि आत निघून गेल्या. रविवार होता, म्हणून चौकट घेऊन आक्कांकडे निघालेल्या टेम्पोत मीही बसलो. वाटेत विटांचे ट्रक गेले, वाळूचे गेले. मामा समोर बघत बसले होते. मी म्हटलं, “मामा, टेम्पोचं भाडं किती ठरलं?”

“इचारलं न्हाई,” मामा म्हणाले.

त्यांनी रडायला हवं होतं, ते परवडलं असतं.

चौकट आक्कांच्या दाराला अगदी बेतशीर बसली. आक्का खाली वाकल्या आणि उंबऱ्याच्या त्या खोलगट जागेवरून हात फिरवत राहिल्या. मग आत जाऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळ्या, पयला तू आत ये.” मामा पुढे झाले. दार त्यांच्या डोक्यापेक्षा चांगलं उंच होतं, तरी उंबऱ्याशी येताच त्यांची मान आपोआप खाली गेली. “आरं, ताठ ये की,” आक्का म्हणाल्या. मामांनी प्रयत्न केला असावा. पण ते वाकूनच आत गेले.

आता आक्का नाहीत आणि मामाही नाहीत. आक्का शेवटपर्यंत त्याच दारात राहिल्या. लिंबं आली की एसटीने पिशवी भरून उत्रोलीला धाडायच्या. गोठ्यात पुन्हा म्हैस आली. भोर तालुक्यात एवढ्या उंच दाराचा, चुना दिलेला, देवाच्या कोनाड्याचा गोठा दुसरा नसेल. म्हैस मात्र जुन्या सवयीने मान खाली घालूनच आत जायची आणि ते पाहिलं की मामा उठून दुसरीकडे जात.

त्यानंतरही लोक ओट्यावर येत राहिले. ‘मामा, एक खोली काढायची म्हणतोय, काय खर्च येईल?’ असं विचारीत. मामांचा डावा डोळा पुन्हा कधी मिटला नाही. विटांचा भाव नाही, वाळूचा नाही, नारळाचासुद्धा नाही. ते फक्त विचारीत, “कुणासाठी काढतोस?” आणि उत्तर ऐकून घेऊन म्हणत, “मग पावसाच्या आत कर बाबा.”